तंतूंची मोजदाद

बडोद्यात आमची ही चौथी पिढी. घरात मराठी, कारखान्यात गुजराती आणि प्रयोगशाळेच्या वहीत इंग्रजी. त्या वहीत निवृत्त होईपर्यंत मी एकच गोष्ट लिहीत आलो: एक मिलिलिटर हवेत ॲस्बेस्टॉसचे तंतू किती. अनेक देशांनी या खनिजावर बंदी घातली. आपल्याकडे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे सिमेंटचे पत्रे अजून बनतात, तेव्हा मोजदाद काही संपलेली नाही.

काम सांगायला सोपे. कामगाराच्या कमरेला छोटा पंप बांधायचा, कॉलरशी, नाकाजवळ, गाळणी लावायची. पाळी संपली की गाळणीचा तुकडा ॲसिटोनच्या वाफेने पारदर्शक करून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. पाच मायक्रॉनहून लांब, तीनहून अरुंद आणि रुंदीच्या निदान तिप्पट लांब असेल तोच तंतू मोजायचा. भिंगात एक वर्तुळ कोरलेले असते. एक टोक आत नि एक बाहेर असेल तर अर्धा तंतू धरायचा. 'आज किती अर्धे?' म्हणून घरची मंडळी माझी थट्टा करीत.

पूर्वी अमेरिकेत धुळीचे कण द्रवात पकडून घनफुटामागे किती दशलक्ष ते मोजत. त्यात तंतू किती नि साधी धूळ किती, हे कळत नसे. गाळणीने ते साधले. पण साधा सूक्ष्मदर्शक सुमारे पाव मायक्रॉनपेक्षा बारीक तंतू दाखवत नाही, आणि दिसतो तो खनिजाचा की सदऱ्याच्या सुताचा, हेही सांगत नाही. शिवाय मोजणारा माणूसच. एका गाळणीवर दोघांचे आकडे दुपटीनेही वेगळे येतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बारीक तंतू दाखवतो, खनिजही ओळखतो. तो महाग, आणि रोगाचे जुने हिशेब साध्या मोजणीवर बेतलेले, म्हणून जुनी पद्धत मोडीत काढता येत नाही. जपानी संशोधकांनी पांढऱ्या ॲस्बेस्टॉसला चिकटणारे एक प्रथिन शोधून तंतू चमकवून दाखवले आहेत. ते वाचले तेव्हा माझ्या शिणलेल्या डोळ्यांना खरेच बरे वाटले!

माझे मन मात्र वेगळ्याच ठिकाणी अडते. आमचे आतोबा पत्र्यांच्या एका कारखान्यात होते. आत्या त्यांचे कपडे मागच्या अंगणात झटकून मग भिजवी. पुढे तिला दम लागू लागला, तेव्हा डॉक्टरांनी क्षयाची औषधे दिली. यजमान कुठे काम करतात, हे कोणी विचारले नाही. १९६५ साली लंडनमधल्या न्यूहाउस आणि थॉम्पसन यांनी फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाचे रुग्ण तपासले, तेव्हा त्यांत नवऱ्याचे कामाचे कपडे धुणाऱ्या बायका होत्याच.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने गाळणीची चाचणी सर्व कारखान्यांना लावली. कामगाराच्या प्रकृतीची नोंद कामाला लागल्यापासून निदान ४० वर्षे किंवा काम सुटल्यावर १५ वर्षे, यांत जे उशिरा संपेल तोवर ठेवा, असेही सांगितले. आत्या कुठल्या हजेरीपटावर असणार?

"तुझ्या त्या यंत्रात माझं किती आलं असतं रे?" तिने एकदा विचारले होते. माणसाच्या वाट्याला आलेली धूळ आम्ही तंतूंचा आकडा गुणिले वर्षे अशी धरतो. तिची वर्षे मला पाठ आहेत, २६. आकडा नाही.

अलीकडे अमेरिकेत बंद खोलीत तंतूंनी भरलेले कपडे मुद्दाम झटकून, झटकणाऱ्याच्या अंगावर गाळणी लावून मापे घेतली आहेत. ती मी उतरवून घेतली. पण ती खोली, आणि हे अंगण. वाऱ्याची वजाबाकी किती धरायची? कपडे आठवड्यातून किती वेळा? आतेबहिणीला विचारले, तर ती म्हणाली, "रोज. आणि पावसाळ्यात अंगणात नव्हे, न्हाणीघरात."

म्हणजे चार महिने बंद खोलीचेच माप.