ञङ्ङळ की नम्मळ?

मल्याळम शिकणाऱ्याला पहिल्याच धड्यात 'ञान' भेटतो. ञान म्हणजे मी. हा 'ञ' आपण शाळेत पाटीवर गिरवला, पण मराठी बोलताना त्याचे काम कधी पडले नाही. आमच्या घरात कोळिकोडची सून आली आणि आम्ही नवरा-बायकोने उतारवयात तो पुन्हा गिरवायला घेतला. सुनेने मराठी चटकन उचलली होती. तिच्या भाषेतली चार वाक्ये आम्हालाही यायला हवीत, एवढाच विचार होता.

'नी' म्हणजे तू. तो धाकट्यांसाठी आणि जवळच्यांसाठी. 'निङ्ङळ' म्हणजे तुम्ही. अनेकांना, आणि मान ठेवून एकालाही. 'अवन' म्हणजे तो, 'अवळ' म्हणजे ती. 'अवर' म्हणजे ते किंवा त्या. एखाद्या थोर पुरुषाविषयी अदबीने बोलायचे तर 'अद्देहम'. माणूस समोरच असेल तर 'अ'च्या जागी 'इ' येतो : इवन, इवळ, इवर. म्हणजे हा, ही, हे.

ही सर्वनामे पक्की करावीच लागतात, कारण क्रियापद मदतीला येत नाही. मराठीत 'जातो', 'जाते', 'जातोस' म्हटले की बोलणारा कोण ते कळते. मल्याळममध्ये 'ञान पोकुन्नु', 'अवळ पोकुन्नु', 'अवर पोकुन्नु'. सगळ्यांना 'पोकुन्नु' एकच. शेजारच्या तमिळमध्ये क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते. मल्याळमने ती रीत सोडून दिली.

खरी गंमत पुढे आहे. 'ञङ्ङळ' म्हणजे आम्ही आणि 'नम्मळ' म्हणजे आपण. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवायचे की आत घ्यायचे, हे तोंड उघडतानाच ठरवावे लागते. इंग्रजीत किंवा किताबी उर्दूत ही सोय नाही. तिथे 'हम' म्हटले की झाले. आमच्या घरच्या दखनीत मात्र 'हम जारैं' वेगळे आणि 'अपन जाएंगे' वेगळे. दखनी या मातीत वाढली, म्हणून हा भेद तिच्या अंगवळणी पडला. तोच भेद सुनेच्या भाषेतही निघाला. सासरी आलेल्या मुलीच्या तोंडी 'आमच्याकडे' म्हणजे माहेर. ते 'आपल्याकडे' कधी होते, याकडे घरातले सगळेच कान लावून असतात. तिने 'आपल्याकडे' म्हणावे असे वाटत असेल, तर आधी आपण तसे म्हणायला हवे.

मलबारच्या मुसलमानांच्या बोलीत 'अवन'चा 'ओन' होतो, 'अवळ'ची 'ओळ' होते आणि 'नम्मळ'चा 'ञम्मळ'. वैकम मुहम्मद बशीर यांनी अशा घरगुती बोलीला मानाने साहित्यात आणले. त्यांच्या 1951 सालच्या कादंबरीचे नावच 'न्टुप्पुप्पाक्कोरानेंडार्न्न्' आहे. अर्थ, माझ्या आजोबांकडे एक हत्ती होता. पुस्तकी 'एन्टे', म्हणजे 'माझ्या', यातला 'ए' बोलीत गळाला आणि बशीरांनी तो तसाच गळू दिला. मल्याळम सिनेमात मात्र हाच 'ञम्मळ' मुसलमान पात्र ओळखू यावे म्हणून, कधी हसण्यासाठीही, वापरला गेला. आपल्या नाटक-सिनेमांतला मुसलमानही असाच मोडके हिंदी-मराठी बोलत येतो. कोकणातल्या किंवा साताऱ्याकडच्या मुसलमानाला तो कुठला, हेच कळत नाही.

'तुम्ही मराठी छान बोलता हो,' असे कौतुक आपण सर्वांनी ऐकले आहे. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण त्या 'तुम्ही'मागे एक न उच्चारलेला 'आम्ही' असतो. 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते मराठी 'आपली' आहे हे सांगण्यासाठीच. तरी आपल्या मोहल्ल्यातही 'आम्ही'चा वापर काही कमी नाही. आमची जमात, आमचे मसले, आमचे दुःख. काही गोष्टी खरोखरच 'आम्ही'च्या असतात आणि त्या तशाच मांडाव्यात. पण पाणी, शाळा, रोजगार, मुलींचे शिक्षण यांबद्दल बोलताना जीभ सवयीने 'आम्ही'कडे वळली, तर क्षणभर थांबून 'आपण' म्हणून पाहावे. मराठीने हा शब्द आपल्याला दिलेलाच आहे.