नोकरी सांभाळून रस्त्याचं शिक्षण

परभणी

चि. ओंकार,

नोकरी करता करता पेव्हमेंट इंजिनिअरिंगचा ऑनलाइन मास्टर्स करावा का, असं तू विचारलंस. मावशीने पन्नाशीच्या तोंडावर एम.टेक. का केलं, हाही तुझा प्रश्न आहे. दोन्हींचं उत्तर एकच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे साखर कारखान्यांचे रस्ते गाळप हंगामात फुटतात. आधी चाकांच्या वाटेवर बारीक भेगा, मग मगरीच्या पाठीसारखं जाळं, मग खड्डे. वरून डांबराचा नवा थर पडतो आणि पुन्हा त्याच जागी भेगा येतात. असं का होतं, हे मला नीट समजून घ्यायचं होतं. नोकरी सोडून कॉलेजात बसणं शक्य नव्हतं. ऑनलाइन कोर्स मिळाला, म्हणून रात्री जेवणं आटोपल्यावर लेक्चर ऐकायला लागले.

तिथे उलगडलं, की चाकाखाली डांबरी थर वाकतो आणि त्याच्या तळाला ताण बसतो. वारंवार ताण बसून भेग बहुतेकदा तळातून सुरू होते आणि वर चढते. आम्हाला दिसते ती तिची अखेरची अवस्था. पुढे साईटवर कोअर काढला, तर भेग तळाशी रुंद आणि वर केसाएवढी! पुस्तकातलं वाक्य हातात धरून बघता आलं. नोकरीत राहून शिकण्याचा खरा लाभ हाच.

हा ताण देणाऱ्या वजनाचा हिशेबही तिथेच कळला. तू राहतोस त्या शिकागोपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर ओटावा नावाचं गाव आहे. तिथे १९५८ ते १९६० या काळात 'आशो रोड टेस्ट' झाली. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर लष्कराच्या चालकांनी वेगवेगळ्या वजनांचे ट्रक फिरवले. ११ लाखांहून जास्त आस, म्हणजे ॲक्सल, रस्त्यावरून गेले. त्यातून निघालेला ठोकताळा असा, की नुकसान आसभाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. भार दुप्पट, तर नुकसान सोळा पट. ज्याच्याशी इतर आसांची तुलना करतात तो ८० किलोन्यूटनचा, म्हणजे ८.१६ टनांचा प्रमाण आस आपल्या रस्ता-डिझाइनच्या आयआरसी:३७ या मार्गदर्शिकेतही आहे. भारतात २०१८ मध्ये चार टायरच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वजन वाढलं १३ टक्क्यांच्या आत, पण या हिशेबाने रस्त्याची झीज वाढली ६० टक्क्यांहून अधिक. हा हिशेब समजलेला माणूस ओव्हरलोड ट्रॉलीकडे दुर्लक्ष करू शकत नाही.

मात्र ओटावाला माती एकच होती आणि हवामानही एकच. परभणीची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तडकते. तिथलं सूत्र इथे डोळे मिटून चालत नाही. म्हणून आता डांबरी थराच्या तळाचा आणि मातीच्या माथ्याचा स्ट्रेन काढून, भेगा आणि चाकोऱ्या या दोन्ही अंगांनी डिझाइन तपासतात. आकडे उसने मिळतात, कारणं ज्याची त्याने शिकावी लागतात.

तू कोर्स निवडताना दोन गोष्टी बघ. मटेरियलच्या प्रयोगशाळेचं काम प्रत्यक्ष हाताने करायला मिळतं का? स्क्रीनवर डांबराची चिकटाई कळत नाही. प्रबंधासाठी तुमच्या कंपनीच्या रस्त्यावरचा विषय घेता येतो का? शिवाय तुझ्या वरिष्ठांना आधी सांग. परीक्षेच्या आठवड्यात कामाचा भार त्यांनाच वाटून द्यायचा असतो. घरच्यांनाही स्पष्ट कल्पना दे. माझ्या रात्रीच्या अभ्यासामागे तुझ्या काकांनी उचललेली सकाळची सगळी कामं होती.

फक्त बढतीसाठी करणार असशील, तर दुसऱ्या सेमिस्टरला दम लागेल. पण आपण बांधलेला रस्ता का टिकला आणि का फुटला, हे सांगता यायला हवं असं वाटत असेल, तर वेळ घालवू नकोस. येत्या सत्रालाच प्रवेश घे.

तुझी,
मावशी