ओहोटीच्या वेळी

फेब्रुवारी, रविवार.

दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच जण. एकटं बसायला जागा नाही, म्हणून चालायला लागले. मानखुर्द स्टेशन मागे टाकून खाडीच्या दिशेने. डंपिंगचा वास वाऱ्यासोबत येतो, मग खारट चिखलाचा येतो आणि आपण पोचलो हे कळतं.

आज ओहोटी होती. तिवरांची मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली. ती हवेतून श्वास घेतात. पान जिभेला लावलं, खारट लागलं. नको असलेलं मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकतं. त्या पानाकडे किती वेळ बघत राहिले कोण जाणे!

दूर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ. याच काठाला 2015 मध्ये त्यांचं अभयारण्य झालं, 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. आमच्या वस्तीच्या इतक्या जवळ!

बाबा गेल्यावर सोडलेलं बी.एड. डोक्यात घोळत होतं. वाशीची लोकल पुलावरून धडधडत गेली. पाणी परत चढू लागलं, तशी उठले. घरी येऊन ट्रंकेतली मार्कशीट काढली.