आजीचं गाण्याचं पुस्तक

निमोण्याच्या आमच्या घरात ‘उपासना संगीत’ या ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकाची एक जुनी प्रत आहे. पाठीला कापडाची पट्टी डकवलेली, पानांचे कोपरे हळदीच्या बोटांनी पिवळे झालेले. आजीला अक्षरओळख नव्हती, तरी उपासनेला निघताना पुस्तक तिच्या पदराखाली असायचंच. गीतं सगळी तोंडपाठ. कणसं खुडताना, भाकरी थापताना ती म्हणायची. त्यातली कितीतरी रेव्हरंड टिळकांची. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग काही सोडला नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. म्हणून तर त्यांची पदं आजीच्या ओठी सहज बसली.

एका वर्षी पावसाने दगा दिला. विहिरीने तळ गाठला, कांद्याचं रोप जागच्या जागी करपलं. त्या रात्री वडिलांनी हेच पुस्तक काढलं आणि आभाराचं गीत धरलं. आभार कशाचे, ते तेव्हा मला उमगलं नाही. पुढे मला पुण्यात नोकरी लागली. पगार वाढला, तशा गरजाही वाढल्या. जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. रविवारी मंडळीत बसून तीच गीतं म्हणू लागलो, तेव्हा वडिलांची ती रात्र कळली. आधी आभार, मग मागणं, असा तो क्रम होता.

दुःखातही टिकणारं समाधान म्हटलं की मला केडगाव आठवतं. निमोण्याहून निघून न्हावरे मागे टाकलं आणि भीमा ओलांडली की दौंड तालुक्यातलं हे गाव येतं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत पती गेले, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. तरी हिब्रू आणि ग्रीकवरून स्वतः मराठीत आणलेल्या बायबलचं काम त्यांनी हातावेगळं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटले. प्रेषित पौलानेही फिलिप्पैच्या मंडळीला समाधानाविषयी लिहिलं, ते कैदेतून.

ख्रिस्तावरच्या विश्वासाने माझी दुःखं टळली नाहीत. ती सोसताना मी एकटा नाही, एवढी खात्री मिळाली. तीच माझ्या समाधानाची पुंजी. वाचकहो, आज जेवायला बसताना, जे नाही त्याचा हिशेब जरा बाजूला ठेवा आणि जे ताटात आहे त्याबद्दल देवाचे मनापासून आभार माना. समाधानाची सुरुवात तिथूनच होते.