नळीची मागची बाजू

कन्येच्या साखरपुड्याची छायाचित्रे आली, तेव्हा त्यांत सर्वप्रथम दिसले ते माझे पिवळसर दात. विवाहास चार महिने उरले होते. त्याच सायंकाळी मी दात पांढरे करणारी टूथपेस्ट घेऊन आलो आणि सोबत कडक ब्रशही. बँकेत असताना ताळेबंदाखालच्या बारीक टिपा वाचल्याविना कोणत्याही कर्जप्रकरणावर मी सही केली नाही. नळीवरचा मात्र केवळ हिरवा ठिपका पाहिला. ग्लिसरीन प्राणिजन्यही असू शकते, म्हणून तेवढे आपल्या घरांत पाहिलेच जाते. मागची बाजू वाचण्याचे सुचले नाही.

आमच्याकडे पाणी उकळून कोमटच पिण्याची रीत, त्यामुळे दुखणे उशिरा ध्यानात आले. बस्त्याच्या खरेदीत एका दुपारी उसाचा रस घेतला आणि डोळ्यांत पाणी उभे राहिले.

मग सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट आणली. तीन आठवड्यांत पुष्कळ आराम पडला. डावीकडच्या एका दाढेची कळ तेवढी राहिली. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, एकदा दाखवून तरी या." मी म्हटले, "लग्न पार पडू दे."

लग्नानंतर गेलो. दंतवैद्य तरुण होत्या. म्हणाल्या, "काका, वयानुसार इनॅमल झिजते आणि आतले डेंटिन दिसू लागते. त्याचा मूळ रंगच पिवळसर. पांढरे करणारी पेस्ट चहा-सुपारीचे वरचे डाग घासून काढते, आतला रंग बदलत नाही. तुमच्या हिरड्याही मागे सरकल्या आहेत. उघड्या पडलेल्या मुळांवर इनॅमल नसतेच. तेथे कडक ब्रशने घासलेत." डेंटिनमध्ये सूक्ष्म नलिका असतात, त्यांतून गारवा नसेपर्यंत पोहोचतो. सेन्सिटिव्ह पेस्टमधील पोटॅशियम नायट्रेट त्या नसेला शांत करते, तर स्टॅनस फ्लोराइड नलिकांची तोंडे बुजवते. गुण येण्यास दोन ते चार आठवडे जातात आणि वापर सोडला की त्रास परतू शकतो.

दाढेचे प्रकरण निराळे होते. अनेक दात गारव्याने शिवशिवणे आणि एकच दाढ ठणकणे यांत भेद असतो, हे मला ठाऊक नव्हते. एक्स-रेमध्ये कीड खोल मुळाशी गेलेली दिसली. पेस्टने कीड थांबत नाही. चार महिन्यांपूर्वी कदाचित भरून भागले असते. आता दाढ काढावी लागली. थकीत कर्जाच्या बाबतीत हेच वाक्य मी कितीतरी व्यापाऱ्यांना ऐकवले आहे!

सध्या मऊ ब्रश, फ्लोराइडयुक्त सेन्सिटिव्ह पेस्ट, आणि ब्रश झाल्यावर फेस थुंकून टाकायचा, लगेच खळखळून चूळ भरायची नाही, असा क्रम आहे. सूनबाई पांढरे करणारीच पेस्ट वापरतात. त्यांचे दात धडधाकट आहेत, ब्रशही मऊ आहे. त्यांना मी अडवीत नाही. विवाहाच्या छायाचित्रांत माझे दात थोडे उजळ दिसतात खरे. पंगतीच्या छायाचित्रात मी उजव्या बाजूनेच चावतो आहे, हे फक्त सौभाग्यवतींनी ओळखले.