बिल्टीचा छकडा

चाकाला धाव बसवताना पडदा पेटला, तेव्हापासून माझा हा उद्योग घरातून बाल्कनीत गेला आहे. बायकोचं म्हणणं एवढंच की गाडी तयार होईपर्यंत घर शिल्लक राहावं.

चूक माझीच. परळीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी लोहार बसायचा. गोवऱ्यांचं कडं रचून त्यात तो लोखंडी धाव लालबुंद करायचा. मग दोघंतिघं मिळून सांडशीनं ती उचलायचे आणि लाकडी चाकावर चढवायचे. लाकूड भडकायचं, लगेच वरून पाण्याच्या बादल्या पडायच्या आणि त्या वाफेच्या लोटात चाक कडकड बोलायचं. धाव आकसतेय, आरे तुंब्यात रुतून बसतायत, त्याचा तो आवाज. तो आवाज मला साडेतीन इंचांच्या चाकातून हवा होता. खोक्याला बांधून येते ती पत्र्याची पट्टी घेतली, कडं केलं, गॅसवर लाल केलं. पुढचं सांगितलंच. आवाज आला, पण तो बायकोचा होता. चाक अंड्याच्या आकाराचं झालं. आता मी धाव थंडच बसवतो, आणि खरं म्हणजे चिकटवतो. आजोबा हयात नाहीत ते एका परीनं बरंच आहे.

मी करतोय तो त्यांचाच छकडा. एक घोडा, दोन चाकं, परळीच्या मालधक्क्यावरून मोंढ्यात माल पोचवणारा. प्रमाण एकास बारा. खऱ्यातला फूट म्हणजे माझा इंच.

अशा छोट्या गाड्या करायचा नाद विलायतेतही आहे. तिथल्या रेल्वे कंपन्यांच्या स्वतःच्या घोडागाड्या होत्या. स्टेशनात उतरलेलं पार्सल कंपनीचाच घोडा गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन टाकायचा. ग्रेट वेस्टर्नच्या गाड्या तिच्या डब्यांसारख्याच चॉकलेटी आणि सायीच्या रंगाच्या, कडेला कंपनीचं नाव ठसठशीत. १९४८ साली तिथली रेल्वे सरकारी झाली तेव्हा रुळांबरोबर जवळपास नऊ हजार घोडेही सरकारच्या पदरात पडले. मोटारी तर त्याआधीच आल्या होत्या. गल्लीबोळात जागच्या जागी वळणारी तीन चाकांची एक मोटार निघाली, तिला लोक ‘यांत्रिक घोडा’च म्हणायचे. शेवटचा रेल्वेघोडा चार्ली न्यूमार्केट स्टेशनात डबे ओढायचा. तो १९६७ साली निवृत्त झाला. अशा गाड्यांचे आराखडे आज विकत मिळतात. कोणता बोल्ट किती जाड, अक्षराला सावली कोणत्या बाजूनं, सगळं कागदावर. हौशी माणसं त्यावरून वर्ष वर्ष घालवून एकेक गाडी करतात. मला त्यांचा हेवा वाटतो.

कारण आपल्याकडचा छकडा कोणत्याच कंपनीचा नव्हता. निजामाच्या रेल्वेनं १९३२ साली २७ बसगाड्या घेऊन रस्त्यावरचा धंदाही सुरू केला, पण आमच्या आजोबांच्या छकड्यावर तिचं नाव कधी आलं नाही. रेल्वेची जबाबदारी धक्क्यावर संपायची. पुढे ज्याची बिल्टी, म्हणजे मालाची रेल्वेपावती, त्यानं माल सोडवावा. व्यापारी बिल्टी आजोबांच्या हातात द्यायचा, ते ती मुंडाशाच्या घडीत खोचायचे, आणि मिठाची पोती, रॉकेलचे डबे, कापडाच्या गाठी दुकानाच्या फळीपर्यंत यायच्या. बहुतेक माल बैलगाड्यांवर जाई. घोड्याचा छकडा घाईच्या मालासाठी. त्या छकड्याचा फोटो नाही, आराखडा नाही. सुतारानं तो कागदावर काढलाच नव्हता. वाकस हातात घेतली, बाभळीचं खोड पायात धरलं आणि छिललं.

म्हणून मी आबांकडे गेलो. आबा म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ. वय नव्वदीच्या घरात, कान गेलेले, हात शाबूत. मी वही काढली.

“आबा, दांड्या किती लांब होत्या?”

त्यांनी दोन्ही हात पसरले, मग जरा आत घेतले. “एवढ्या.”

“म्हणजे किती फूट?”

“फूट कशाला रे? घोड्याच्या मापाच्या.”

मी त्यांच्या हातांमधलं अंतर टेपनं मोजलं. दुसऱ्यांदा विचारल्यावर ते चार बोटं जास्त भरलं. माझ्या वहीत सगळी मापं अशी आहेत: साटी आबांच्या छातीपर्यंत, चाक कमरेपर्यंत, तुंबा वीतभर. त्यात आबा आता वाकलेत, म्हणजे छाती तेव्हाची की आत्ताची हा निराळाच हिशेब.

पण एक गोष्ट त्यांनी न विचारता सांगितली. “उलाळ होऊ देऊ नको.”

टांग्यात बसलेल्यांना हे सांगावं लागणार नाही. मागे जाडजूड पाहुणे बसले की दांड्या वर उठतात, घोड्याच्या पोटाखालचा पट्टा ताणतो, टांगेवाला ओरडतो, पुढं सरका. ती गाडी उलाळ. सगळे पुढे सरकले तर भार घोड्याच्या पाठीवर, ती धुरजड. चारचाकीला ही अडचण नाही, दोन चाकांवरच्या गाडीला मात्र प्रत्येक पोतं आखाच्या हिशेबानं ठेवावं लागतं. आजोबा रॉकेलचे डबे आखाच्या किंचित पुढे रचायचे आणि दांडीखाली हात घालून तोलून बघायचे. दोन बोटांवर उचलली गेली पाहिजे, असं आबा म्हणाले.

बारापट लहान गाडीचं वजन बारापट कमी होत नाही, १७२८ पट कमी होतं. लांबी, रुंदी, उंची, तिन्हीकडून बारा. पण तोल मात्र तसाच राहतो. माझी पहिली गाडी मी हौसेनं मागे पोती लादून टेबलावर ठेवली आणि तिनं सरळ दांड्या आकाशाकडे केल्या. पांगाऱ्याच्या लाकडाचा हलका घोडा तिच्याबरोबर पुढचे दोन पाय उचलून उभा राहिला. बघणाऱ्याला वाटावं, राणा प्रतापाचा चेतक मिठाची पोती घेऊन निघालाय.

घोड्याचं तर विचारू नका. आमच्या बीड जिल्ह्याचा हात बैलावर बसलेला. पोळ्याला मातीचे बैल लहान पोरंही करतात. मी पांगाऱ्यातून घोडा कोरायला घेतला की मान जाड होते, खांदा उंच होतो, आणि शेवटी शिंगं गळालेला खिल्लारी तयार होतो. गंमत अशी की हाच जिल्हा एके काळी घोड्यांचा होता. अंबाजोगाईचं जुनं नाव मोमिनाबाद, तिथं हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ साली ते दळ इंग्रजांच्या फौजेत विलीन झालं. घोडे गेले, बैल राहिले. चौथ्या खेपेला घोडा घोड्यासारखा दिसला. पोटात शिसं भरून त्याला जड केलं, झापडं लावली, जुन्या घड्याळाच्या पट्ट्यातून वाद्या कापल्या.

हे चालू असतानाच बीडला रेल्वे आली. अहमदनगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला होता. आष्टीपर्यंत गाडी यायला २०२२ उजाडलं, बीडला पोचायला १७ सप्टेंबर २०२५, मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा दिवस. माझ्या मोबाइलवर स्टेशनातल्या गर्दीचे व्हिडिओ येत होते. लोक गाडीला हार घालत होते, डब्यावर हात फिरवत होते. मी व्हिडिओ थांबवून थांबवून फलाटाबाहेर काय उभं आहे ते बघत होतो. रिक्षा होत्या.

गेल्या महिन्यात छकडा परळीला घेऊन गेलो. आबांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, दांडीखाली दोन बोटं घातली, उचलली. मान हलली. मग साटीवरून बोट फिरवलं, तुंब्याला नख लावून बघितलं. धाव चिकटवलेली आहे हे त्यांना कळलं असणार, बोलले नाहीत. घोड्याकडे मात्र बराच वेळ बघत राहिले.

“उपाशी हाय की रे हे.”

“काय आबा?”

“तोबरा कुठाय?”

रात्री बहिणीच्या घरातल्या जुन्या पोत्याचा एक कोपरा कापला. पोत्याची वीण घोड्याच्या तोंडापुढं दोरखंडासारखी दिसायला लागली, म्हणून ते सोडून धोतराचं फडकं घेतलं, चहात बुडवून वाळवलं. पिशवी शिवली, कानांमागून दोरा नेला. आता आत हरभरे हवेत. बारापट लहान हरभरा कुठून आणायचा म्हणून बहिणीचे डबे हुंगत बसलो. मोहरी मोठी पडली, राजगिराही. शेवटी खसखस जमली.

सकाळी आबांनी तोबऱ्यात डोकावून बघितलं आणि म्हणाले, “अजून घाल थोडे. चढ हाय पुढं.”