कान नसलेला ससा

बालनाट्यात ससा म्हटला की कान आलेच. पुठ्ठ्याचे, आतून गुलाबी कापड लावलेले, हनुवटीखाली इलॅस्टिक. नांदेडला मुलांची नाटकं बसवताना मी हे कान केव्हाच सोडून दिले. ते सोडायचं बळ मला टीव्हीसाठी केलेल्या एका चित्रपटानं दिलं.

जोनाथन मिलर यांचा ‘ॲलिस इन वंडरलँड’ बीबीसीनं 1966च्या डिसेंबरात दाखवला. कृष्णधवल. लुईस कॅरलचं पुस्तक 1865चं, आणि त्यातला ससा, सुरवंट, टोपीवाला कसे दिसतात हे त्यातल्या टेनिएल या चित्रकाराच्या चित्रांनी तेव्हाच ठरवून टाकलेलं. मिलर यांनी मुखवटे, शेपट्या सगळं उतरवलं. सुरवंट म्हणजे मायकेल रेडग्रेव्ह, टोपीवाला पीटर कुक; व्हिक्टोरियन काळातल्या साध्या कपड्यांतली मोठी माणसं. विचित्रपणा सगळा त्यांच्या वागण्यात. ॲलिस त्यांच्याकडे धड बघतही नाही, फुरंगटून त्यांच्यामधून फिरत राहते. लग्नघरात मोठ्यांच्या गराड्यात सापडलेलं पोर असंच फिरतं. त्यात पंडित रविशंकर यांचं संगीत. ती सतार ऐकताना मला आपल्याकडची मे महिन्यातली दुपारच आठवते, सगळे झोपलेत आणि आपल्याला झोप येत नाही अशी.

भा. रा. भागवतांनी ‘जाईची नवलकहाणी’त ॲलिसची जाई केली, तेव्हा ती आपल्या घरातली झाली. मिलर यांनी प्राण्यांची माणसं केली, तेव्हा मला कळलं की ती माणसंही आपल्याच घरातली आहेत.

मुखवटा चढवला की मुलाचे डोळे जातात, आवाज आतच घुमतो आणि वर टांगलेल्या माइकपर्यंत काही पोचत नाही. मूल मग नुसतं उड्या मारतं. मुखवटा काढला की त्याला काहीतरी करावंच लागतं. ॲलिसच्या गोष्टीतला ससा सतत उशीर झाल्याच्या घाईत असतो, म्हणून आमच्या जाईच्या नाटकाच्या तालमीत मी विचारलं, तुमच्या घरी उशीर झाला की कोण कसं वागतं? एका मुलीनं बाबांची नक्कल केली. गाडीची किल्ली शोधताना एक हात खिशात, दुसरा फ्रिजवर. घड्याळ बघितलं, पण वेळ डोक्यात शिरलीच नाही, म्हणून लगेच पुन्हा बघितलं. ते दुसऱ्यांदा बघणं म्हणजेच आमचा ससा. एका चिमुरड्यानं विचारलं, “ताई, शेपूट कुठाय मग?” तीच मुलगी म्हणाली, घाईत बाबांचा शर्ट मागून बाहेरच राहतो. ठेवला बाहेर. राज्य बालनाट्य स्पर्धेसाठी बसवलेल्या नाटकातही शर्टाचं ते टोक राहिलं.

यात परदेशी काही नाही. नाथांच्या भारुडात विंचू कधी रंगमंचावर आलाय? चावलेला माणूस असा काही तळमळतो की पहिल्या रांगेतली पोरं पाय वर घेतात. पैठणचं हे शहाणपण आपल्या पायाशी असताना आपण पुठ्ठे कापत बसतो, याचं मला वाईट वाटतं.

मांजराचं कोडं मात्र अजून सुटायचंय. मिलर यांनी तिथं खरंखुरं मांजर वापरलं. कॅमेऱ्याला ते जमतं. रंगमंचावर मांजर नाहीसं होऊन हसू मागं कसं ठेवायचं? सध्या मुलं एक करून बघताहेत. मांजर झालेला मुलगा हसत हसत विंगेत जातो आणि त्याचं ते हसू जाईच्या शेजारी उभी असलेली मुलगी आपल्या चेहऱ्यावर घेते. तिला ते अजून फार लवकर येतं. उद्याच्या तालमीत तेवढंच करायचंय.